कांचतंतूंच्या जुन्या होडीची घरच्या घरीं दुरुस्ती

वऱ्हाडासारख्या कोरडवाहू मुलखांत, जेथें पावसाची वाट पाहण्यांतच शेतकऱ्याचें अर्धें आयुष्य जातें, तेथील शेतकी मासिकानें होडीच्या दुरुस्तीवर लेख कां छापावा, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, गेल्या पन्नास-साठ वर्षांत या मुलखाचा नकाशा पुष्कळ पालटला आहे. मोर्शी तालुक्यांत सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून ऊर्ध्व वर्धा धरण झालें. अकोला जिल्ह्यांत महानजवळ काटेपूर्णेचें पाणी अडलें. सातपुड्याच्या पायथ्याशीं शहानूर, चंद्रभागा व वान या नद्यांवर जलाशय झाले. अमरावती व अकोला या दोन शहरांची तहान यांपैकीं पहिल्या दोन जलाशयांवर भागते. पाण्याखालीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील कित्येक कुटुंबें आजही पाण्याच्या कडेसच राहतात, आणि हिवाळ्यानंतर पाणी जसजसें ओसरतें तसतशी उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनींत गाळपेर करतात. घर एका अंगास व गाळपेराचा तुकडा दुसऱ्या अंगास असला म्हणजे बियाणें, फवारणीचा पंप, टरबुजांच्या गोण्या हें सर्व पाण्यावरून न्यावें-आणावें लागतें. भोई व ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्था तर होडीवांचून एक दिवसही चालावयाच्या नाहींत. तेव्हां बैलगाडीच्या आंसावर व धावेवर ज्या मासिकांत लिहावें त्याच मासिकांत होडीच्या तळावर लिहिणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

दुसरें एक कारण अधिक गंभीर आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं वरुड तालुक्यांत झुंज येथें वर्धा नदींत होडी उलटून ११ माणसें बुडालीं. गाडी मोडली तर माणूस उतरून पायीं चालूं लागतो. होडीस ती सोय नाहीं. म्हणून पुढें जी कृति आम्ही सांगणार आहों तींत रंगापेक्षां तळाकडे, आणि तळाइतकेंच होडी पाण्यानें भरल्यावरही तरंगत राहील कीं नाहीं या प्रश्नाकडे, वाचकांनीं लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे.

पूर्वीं आपल्या नद्यांवर लांकडी डोंगा चाले. आतां तसें लांकूड परवडत नाहीं आणि डोंगा घडविणारे हातही थोडे उरले. लोखंडी पत्र्याची होडी स्वस्तांत होते, परंतु तिला गंज चढतो व सांध्यांतून पाणी झिरपतें. मोटारीच्या ट्यूबेवर किंवा थर्माकोलच्या लाद्यांवर बसून जाळें टाकणारी माणसें जलाशयावर नेहमीं दिसतात. त्यांच्या धैर्याची वाखाणणी करावी कीं त्यांच्या अडचणीबद्दल हळहळावें हें समजत नाहीं. अशा स्थितींत कोणाला कोकणच्या किनाऱ्यावरील एखादी निकामी ठरलेली फायबरची होडी, किंवा एखाद्या तलावावरील नौकाविहार बंद पडल्यावर उन्हांत टाकून दिलेली बोट, थोड्या पैशांत मिळण्याचा योग येतो. ती घ्यावी कीं घेऊं नये आणि घेतल्यास घरच्या अंगणांत ती कशी सुधारावी, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें सांगणें जरूर आहे. कांच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतु मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ति अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत साधली. १९३८ मध्यें ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच मालासाठीं निघाली आणि १९४२ मध्यें ओहायओ प्रांतांतील रे ग्रीन या गृहस्थानें कांचतंतु व पॉलिएस्टर राळ मिळून लहान होडी तयार केली. ती या जातीच्या आरंभीच्या होड्यांपैकीं एक होय. आपल्या देशांत कोची येथें १९५७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें मासेमारीच्या होड्यांसाठीं या पदार्थाचा अभ्यास केला असून, रबराच्या झाडाच्या लांकडावर फायबरचें आवरण चढविलेल्या लहान होड्याही तेथें तयार झाल्या.

आपल्या गांवच्या पांढऱ्या मातीच्या भिंती ज्यानें पाहिल्या आहेत त्याला या पदार्थाचें मर्म समजावयास अडचण पडूं नये. नुसती माती वाळली कीं तडकते आणि नुसतें कुटार उभें राहत नाहीं. दोन्ही एकत्र मळलीं म्हणजे भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. होडींत मातीच्या जागीं राळ असते व कुटाराच्या जागीं कांचेचे तंतु. हे तंतु दोन रूपांत मिळतात. एक मॅट, ती पिंजलेल्या कापसाचा गादींत घालावयाचा पातळ थर असावा तशी दिसते. दुसरें रोव्हिंग, तें जाड विणीच्या गोणपाटासारखें असतें. मॅट राळ पुष्कळ पिते आणि पाणी अडविते. रोव्हिंग ओढ व धक्का सोसतें. चांगल्या होडीच्या तळांत हे थर आलटून-पालटून असतात, आणि सर्वांच्या बाहेर सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत राळेचा लेप असतो. त्यास जेलकोट म्हणतात. हा लेप म्हणजे होडीची कातडी. तो फाटला कीं पाणी आंत शिरूं लागतें.

कांच कुजत नाहीं आणि राळ गंजत नाहीं, म्हणून फायबरची होडी अमर असते, अशी समजूत विकणारे लोक मुद्दाम पसरवितात. ती अर्धीच खरी आहे. होडीच्या पोटांत लांकूड असतें: इंजिन टांगण्याची मागची फळी, तळाखालच्या लांबट तुळया, बसण्याच्या फळ्यांचे आधार. या लांकडावर फायबरचें आवरण असल्यामुळें बाहेरून तें ठणठणीत दिसतें. परंतु एखाद्या खिळ्याच्या किंवा बोल्टाच्या भोंकांतून आंत गेलेलें पाणी बाहेर येऊं शकत नाहीं, आणि तेथेंच मुरून लांकडाचा लगदा करतें. जुन्या होडीचा मृत्यु बहुधा असा आंतून येतो.

म्हणून होडी पाहावयास जातांना रंगावर न भुलतां एक दहा रुपयांचें नाणें व एक लांकडी हातोडी बरोबर न्यावी. नाण्यानें सर्व तळ व बाजू हातभर अंतरानें वाजवून पाहाव्या. माठ घेतांना आपण जें करतों तेंच हें. आवाज टणक व स्वच्छ आला तर थर एकजीव आहेत. भद्द आला तर थर सुटले आहेत किंवा मागचें लांकूड कुजलें आहे असें समजावें व त्या जागेस खडूनें खूण करावी. मागच्या फळीवर हातोडी मारून झाल्यावर मालकाच्या संमतीनें आंतल्या बाजूनें, अगदीं खालच्या अंगास, पांच मिलिमीटरचें एक भोंक पाडावें. बाहेर येणारा भुसा फिकट व कोरडा असला तर ठीक. काळसर, ओला व घाण वासाचा असला तर फळी गेली. चांदणीसारख्या पसरलेल्या बारीक भेगा कोठें कोठें दिसतात. त्या बहुतेक जेलकोटापुरत्या असतात, परंतु एकाच जागीं घट्ट जमलेल्या असतील तर तेथें होडी कशावर तरी आपटली आहे असें जाणून आंतून तीच जागा पाहावी. तळावर फोड आले असतील तर एखादा टोकदार दाभणानें फोडून वास घ्यावा. आंतलें पाणी आंबूस वासाचें असतें. फोड फोडतांना डोळ्यांस चष्मा असावा, कारण तें पाणी दाबाखालीं असतें व एकदम उडतें.

फोड व भेगा यांस आम्ही भीत नाहीं. ते दोष घरीं निघतात. मागची फळी कुजली असली तरी कष्टाळू माणसानें निराश होण्याचें कारण नाहीं. परंतु फळी कुजली आहे, तळच्या तुळयाही कुजल्या आहेत, आणि होडी टेकूवर ठेवून तळावर गुडघा दाबला असतां तळ लवतो आहे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्या तर ती होडी फुकट मिळाली तरी घेऊं नये. तिच्यावर नव्या होडीइतका माल खर्ची पडतो आणि शेवटीं हातीं जुनी होडीच राहते. आणखी एक सूचना: समुद्रावरची होडी लाटा कापण्यासाठीं खोल पोटाची व जड असते. उथळ काठाच्या जलाशयावर, जेथें चिखलांत ओढून काढावी लागते, तेथें सपाट तळाची हलकी होडी बरी. ट्रॉलींतून आणतांना तळाखालीं पऱ्हाटीच्या पेंढ्या किंवा जुने टायर द्यावे. लोखंडी पट्टीवर टेकवून आणलेल्या होडीस वाटेंतच नवी भेग पडते.

आतां ऋतूविषयीं. ही राळ हवेच्या उष्णतेप्रमाणें थिजते. पंचवीस-तीस अंशांवर ती काम करावयास वीस-पंचवीस मिनिटें देते. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं हा अवधि अर्ध्यावर येतो. मे महिन्यांत अकोल्यास पारा ४५ अंशांवर जातो, त्या वेळीं डब्यांतली राळ ब्रश बुडविण्यापूर्वींच दगड होते. उलट पावसाळ्यांत हवेंतील ओल थरांत अडकून राळ पांढुरकी व कच्ची राहते. तेव्हां वऱ्हाडांत या कामाचा उत्तम काळ संक्रांतीपासून होळीपर्यंतचा. होडी मात्र दिवाळीसच घरीं आणून वाळत टाकावी. समुद्रावरून आलेली असेल तर आधीं गोड्या पाण्यानें तीन-चार वेळां धुवावी, कारण मीठ राहिलें तर तें ओल धरून ठेवतें. मग आंतल्या फळ्या उचकटून, बूच काढून, सावलींत, वाऱ्याच्या तोंडीं, नाळ उंच करून दोन महिने ठेवावी. वाळली कीं नाहीं हें पाहण्यास सोपी युक्ति आहे. खरवडलेल्या जागेवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा व उन्हांत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं कागदाच्या आंतून दंव दिसलें तर आणखी आठ दिवस थांबावें. येथें घाई करणारा पुढचें सर्व काम पाण्यांत घालतो.

घासण्याचें काम सर्वांत किळसवाणें आहे व सर्वांत महत्त्वाचेंही. आधीं साबणाच्या पाण्यानें व नंतर ॲसिटोननें पुसून जुनें मेण व तेल काढावें; हें न करतां ग्राइंडर लावला तर मेण आणखी आंत घासलें जातें. मग चाळीस नंबरच्या चकतीनें भेगेच्या किंवा भोंकाच्या भोंवतीं उतार काढावा. राळेची जुन्या थराशीं गांठ रसायनानें पडत नाहीं, ती केवळ खरबरीत पृष्ठाला चिकटते; म्हणून चिकटण्यास जागा भरपूर पाहिजे. नियम असा कीं तळाची जाडी जितकी असेल तिच्या बारापट रुंद उतार चहूंकडून द्यावा. पांच मिलिमीटर तळास ६० मिलिमीटर उतार झाला. बशीसारखा पसरट उतार डोळ्यांस विनाकारण मोठा वाटतो आणि नवशिक्या माणसाचा हात तो काढावयास धजत नाहीं. परंतु भोंकाच्या मापाचें ठिगळ बसवून वर पुट्टी फासली तर पहिल्याच दगडावर तें ठिगळ निखळून पाण्यांत पडेल.

घासतांना उडणारी धूळ म्हणजे कांचेची धूळ. ती अंगाला लागली तर खाज सुटते आणि छातींत गेली तर नुकसान करते. साधा रुमाल उपयोगाचा नाहीं. धुळीसाठींचा चांगला मास्क, चष्मा, पुऱ्या बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावे. काम झाल्यावर प्रथम थंड पाण्यानें धुवावें, अंग चोळूं नये. शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक धोका आहे, त्याचा उल्लेख कोठें आढळत नाहीं. अंगणांत बहुधा कडब्याची गंजी व कुटाराचें ढोलें असतें. कांचेची धूळ त्यावर बसली तर ती जनावराच्या पोटांत जाईल. म्हणून हें काम गोठ्यापासून लांब, वारा ज्या दिशेस वाहतो त्या दिशेस चारा नाहीं असें पाहून, खालीं ताडपत्री अंथरून करावें. जलाशयाच्या कांठावर तर मुळींच करूं नये. तें लोकांचें पिण्याचें पाणी आहे. धूळ व कातरण गोणींत भरून बांधावी. तीं जाळूं नयेत.

राळ व तिचीं औषधें.— बाजारांत राळेस रेझिन म्हणतात. साधी ‘जनरल पर्पज’ राळ छपराच्या पत्र्यांस ठीक. होडीस ‘आयसो’ जातीची मागून घ्यावी, ती पाण्यास अधिक दाद देत नाहीं. तिच्याबरोबर दोन बाटल्या येतात. एकींत जांभळट कोबाल्ट असतें, दुसरींत पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. कोबाल्ट आधींच मिसळलेली राळही मिळते, म्हणून दुकानदारास विचारून घ्यावें. या दोन बाटल्यांतील द्रव एकमेकांत कधींही थेट मिसळूं नयेत. भडका उडतो व स्फोटही होतो. प्रथम बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणांत कोबाल्ट राळेंत घालून पूर्ण ढवळावें, आणि तें एकजीव झाल्यावरच हार्डनर घालावा. दोन्ही बाटल्या ठेवाव्या त्या निरनिराळ्या फडताळांत, पोरांच्या हाताबाहेर. हार्डनराचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते. तसें झाल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं निदान पंधरा मिनिटें डोळा धुवावा व लगेच डॉक्टराकडे न्यावें.

हार्डनराचें प्रमाण राळेच्या वजनाच्या शेंकडा एक ते दोन. एक किलो राळेस पंधरा ग्रॅम हें मध्यम प्रमाण समजावें. अंदाजानें ओतूं नये. प्लास्टिकची बिनसुईची पिचकारी चार रुपयांची वस्तु आहे. ऊन वाढलें म्हणून कित्येक लोक हार्डनर कमी करतात; शेंकडा एकाच्या खालीं गेल्यास राळ वरून कडक दिसते पण आंतून कधींच पिकत नाहीं. त्यापेक्षां अर्धा-अर्धा किलोचे लहान डाव कालवावे आणि सकाळीं दंव उडाल्यावर काम धरून ऊन चढण्यापूर्वीं आटपावें.

आतां एक गोष्ट आम्ही ठासून सांगतों. संक्रांत ते होळी हाच काळ आपल्याकडे घरांत कापूस भरून ठेवण्याचा असतो. भावाची वाट पाहत कित्येकांच्या ओसरीपासून माळ्यापर्यंत कापूसच असतो. हार्डनर लागलेली चिंधी किंवा कापसाचा बोळा कोणी कांडी न लावतांही पेट घेऊं शकतो. ॲसिटोनची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. डब्यांत उरलेली राळ थिजतांना इतकी तापते कीं धूर निघतो. म्हणून ज्या घरांत कापूस आहे त्या घराच्या ओसरींत, किंवा त्याच्या खिडकीखालीं, हें काम करूं नये. शेतांतील झोंपडी किंवा मोकळें खळें पाहावें. चिंध्या पाण्यानें भरलेल्या लोखंडी बादलींत टाकाव्या, आणि उरलेली राळ डब्यांत न ठेवतां मोकळ्या जमिनीवर जुन्या पत्र्यावर पातळ पसरून थिजूं द्यावी. विडी ओढणाऱ्या शेजाऱ्यास त्या दिवशीं दूरच ठेवावें, मग तो रागावला तरी चालेल.

थर देण्याची रीत.— समजा, तळास ३० सेंटीमीटर लांब व २० सेंटीमीटर रुंद भोंक आहे आणि तळ पांच मिलिमीटर जाड आहे. चौरस मीटरास ४५० ग्रॅम वजनाची मॅट घेतली तर राळ पिऊन तिचा एक थर सुमारें एक मिलिमीटर होतो. म्हणजे पांच थर लागतील. उतार धरून सर्वांत मोठा तुकडा ४२ × ३२ सेंटीमीटर व सर्वांत लहान ३० × २० सेंटीमीटर होतो. पांचही मिळून मॅट सुमारें अर्धा चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशें ग्रॅम. राळ तिच्या अडीचपट, म्हणजे साडेपांचशें ग्रॅम. ब्रशास व डब्यास लागलेली धरून ७०० ग्रॅम. हिला हार्डनर दहा-साडेदहा ग्रॅम पुरेल. असा हिशेब आधीं कागदावर करून तुकडे कापून, क्रमानें मांडून ठेवावे. राळ कालवल्यावर कात्री शोधूं लागणाऱ्याची राळ वायां गेलीच म्हणून समजावें.

भोंकाच्या मागें आधार लागतो. जुन्या सनमायक्याचा तुकडा गुळगुळीत बाजूस मेण घासून बाहेरून घट्ट बसवावा व थर आंतून द्यावे. मोठा तुकडा आधीं कीं लहान, याविषयीं कारागिरांत मतभेद आहे. आमचें मत मोठा आधीं. तो सगळ्या उतारास एकाच तुकड्यानें कवटाळतो, आणि पुढें वरचा भाग घासून सपाट करतांना तोच कापला जात नाहीं. उतारावर प्रथम राळ फासावी, तीवर मॅट ठेवावी आणि ब्रशानें टोंचत टोंचत राळ मुरवावी. रंग देतात तसा ब्रश ओढूं नये, कारण ओली मॅट सुटते व ब्रशाबरोबर ओघळते. पांढरे ठिपके दिसतील तेथें हवा अडकली आहे; ती लहान खांचेदार रोलरनें दाबून काढावी. एका बैठकींत तीन-चारांहून अधिक थर दिले तर तापून ठिगळ वांकतें. बाकीचे दुसऱ्या दिवशीं द्यावे. मधें अधिक दिवस गेले तर पुन्हां खरबरीत करणें आलें. शेवटचा थर हवेशीं लागून चिकट राहतो. त्यावर प्लास्टिकचा कागद पसरून हवा अडविली कीं तो कोरडा होतो.

इपॉक्सी नांवाची दुसरी राळ अधिक चिकट व पाण्यास अधिक टिकाऊ आहे यांत संशय नाहीं; परंतु ती बरीच महाग पडते, आणि तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाहीं. मागच्या फळीचें लांकूड चिकटविण्यापुरती ती घ्यावी, बाकी काम पॉलिएस्टरनें भागतें.

मागची फळी.— फळी कुजली असल्यास आंतल्या बाजूचें फायबर चौकट कापून काढावें. बाहेरचें शाबूत ठेवावें, तोच सांचा होतो. कुजलेलें लांकूड तासणीनें खरवडून, वाळवून, अठरा मिलिमीटरच्या दोन प्लायवुड फळ्या एकमेकींस चिकटवून बसवाव्या. प्लायवुडावर भारतीय मानक ७१० हा आंकडा पाहून घ्यावा. तें पाण्यांत वापरावयाचें प्लायवुड होय. मेळघाटच्या सागाचा आम्हांस अभिमान आहे, परंतु सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें राळ त्याला बेताचीच धरते. सागच वापरावयाचा असेल तर ॲसिटोननें पुसून लगेच चिकटवावा. इंजिनाच्या बोल्टाचीं भोंकें हींच पाण्याचीं दारें. तीं मापापेक्षां मोठीं पाडून, राळेंत कांचेचे कातरलेले तंतु मिसळून पूर्ण बुजवावीं, आणि थिजल्यावर त्या बुचाच्या मधून बोल्टाच्या मापाचें भोंक पाडावें. अशा रीतीनें बोल्टास लांकडाचा स्पर्शच होत नाहीं. ही एवढी तसदी होडी बांधणाऱ्यानें आरंभीं घेतली असती तर पुष्कळ होड्या आज भंगारांत नसत्या.

होडी बुडूं नये म्हणून.— लांकडी डोंगा पाण्यानें भरला तरी तरंगत राहतो. फायबरची होडी भरली कीं दगडासारखी तळाशीं जाते, कारण फायबर पाण्याच्या सुमारें दीडपट जड आहे. हा फरक जुन्या डोंगेवाल्यांच्या ध्यानांत येत नाहीं. उपाय सोपा आहे: बसण्याच्या फळ्यांखालीं व नाळेंत हवेचा सांठा बंदिस्त करावा. किती, तें हिशेबानें काढतां येतें. होडीचें फायबर २०० किलो धरलें तर पाण्याखालीं त्याचें वजन सुमारें ६७ किलो भरतें; लहान इंजिनाचे ३५ किलो धरावे; पाण्यांत होडीस धरून राहिलेल्या चार माणसांस प्रत्येकीं दहा किलोचा आधार द्यावा. एकूण १४२ किलो. त्याच्या दीडपट म्हणजे सुमारें २१५ लिटर बंदिस्त जागा पाहिजे. वीस लिटरचे अकरा रिकामे, घट्ट बुचाचे प्लास्टिकचे डबे फळ्यांखालीं पट्ट्यांनीं जखडले कीं काम झालें. डबे दोन्ही बाजूंस सारखे वांटावे व होईल तितके कडेस व उंच बसवावे, म्हणजे भरलेली होडी पालथी होणार नाहीं. कीटकनाशकाचे डबे यासाठीं घेऊं नयेत. थर्माकोल भरावयाचा असेल तर आधीं जाड प्लास्टिकमध्यें गुंडाळावा. पॉलिएस्टर राळ थर्माकोलास साखरेसारखी विरघळविते, व वरून मजबूत दिसणाऱ्या फळीखालीं पोकळी राहते. बूच मारलेल्या पोकळ्यांत दरसाल पाणी शिरलें आहे काय तें पाहावें.

सर्व झाल्यावर कमरेइतक्या पाण्यांत परीक्षा घ्यावी. प्रत्येक माणसामागें ६५ किलो वाळूच्या गोण्या ठेवाव्या, इंजिन व जाळ्याचें ओलें वजन धरावें, आणि होडीची कड पाण्याच्या वर किती राहते तें मोजावें. जलाशयावर ३० सेंटीमीटरपेक्षां कमी राहतां कामा नये असें आमचें मत आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत दुपारनंतर येणाऱ्या वावटळींत मोठ्या जलाशयावर उठणारी लाट ज्यानें पाहिली आहे तो हें प्रमाण अधिक म्हणणार नाहीं. जितक्या गोण्यांवर ही मर्यादा येईल तितका माणसांचा आंकडा होडीच्या आंत, सर्वांस दिसेल असा, मोठ्या अक्षरांत रंगवावा. यात्रेच्या दिवशीं, लग्नाच्या वऱ्हाडांत, दशक्रियेच्या वेळीं आणखी दोघांस घ्या असा आग्रह होतो. नावाड्यास त्या वेळीं तो आंकडा बोटानें दाखवितां येतो. नंतर उथळ पाण्यांतच होडी मुद्दाम भरून पाहावी. भरून तरंगली तरच खोल पाण्यांत न्यावी, व तेव्हांही माणसागणिक तरंगतें जाकीट असावें.

जेलकोट किंवा रंग कोणता द्यावा यावर आम्ही फार जागा खर्च करीत नाहीं. पांढरा किंवा पिंवळा द्यावा. काळा व गडद निळा रंग आपल्या उन्हांत इतका तापतो कीं खालचे थर सैल पडतात, आणि संध्याकाळच्या अंधारांत होडी दुसऱ्यास दिसतही नाहीं.

परवानगीचा भाग विसरूं नये. जलाशयांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडून संस्थांस ठेक्यानें दिलेला असतो, तेव्हां स्वतःची होडी आहे म्हणून जाळें टाकण्याचा अधिकार येत नाहीं. काटेपूर्णा जलाशयाच्या भोंवतीं अभयारण्य आहे. तेथें वनखात्यास विचारल्याशिवाय जाऊं नये. इंजिनाची होडी चालवावयाची किंवा भाडें घेऊन माणसें न्यावयाचीं असतील तर १९१७ च्या कायद्याच्या जागीं आलेला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा काय म्हणतो, तें आधीं संबंधित कचेरींत विचारून घ्यावें.

पावसाळ्याच्या तोंडीं, नद्यांस पूर येण्याआधीं, होडी पाण्याबाहेर काढून पुराच्या रेषेच्या बऱ्याच वर आणावी. ती पालथी घालून चार टायरांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो. वर ताडपत्री टाकावी, पण ती अंगाला घट्ट लपेटूं नये. बूच काढून एका सुतळीनें आंतल्या कडीस बांधून ठेवावें. दिवाळीनंतर होडी पाण्यांत लोटतांना सर्वांत आधीं हरवलेलें असतें तें बूचच.